कितवा दिवस? : शरदातल्या तापाचा इतिहास

तापाची जुनी मराठी नावे एका कागदावर ओळीने लिहून पाहावीत. पाळीचा ताप, एकांतरा ताप, मुदतीचा ताप. अंग कुडकुडते म्हणून ‘हिवताप’, हा एक अपवाद सोडला, तर या नावांत ना कुठला अवयव आहे, ना कुठले कारण. आहेत ते दिवस. ताप किती दिवसांनी उलटतो आणि किती दिवस टिकतो, यावरून आपल्या माणसांनी त्याला ओळखले. थर्मामीटर नव्हता, रक्त तपासायची सोय नव्हती. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईजवळ मोजायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे दिवस.

प्रस्तुत लेखात या मोजण्याचा इतिहास मांडायचा आहे. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. जुने अहवाल आणि वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तके सवडीने वाचणारा एक हौशी अभ्यासक आहे. या वाचनातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत तापाविषयीचे ज्ञान प्रचंड वाढले, तरी ‘आज कितवा दिवस?’ हा प्रश्न मागे पडायला नको होता. उलट आता तो पूर्वीपेक्षा जास्त मोलाचा झाला आहे. फरक एवढाच, की पूर्वी दिवस मोजत वाट पाहिली जाई आणि आता दिवस मोजून हालचाल करायची असते.

वैद्यांची आई

एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात शरद ऋतूला वैद्यांची आई म्हटले आहे आणि वसंताला बाप. या दोन ऋतूंत रुग्ण वाढतात, म्हणून वैद्याचा चरितार्थ चालतो, असा त्यातला मिश्कील अर्थ. शंभर वर्षे जगण्याचा आशीर्वाद देताना वैदिक ऋषींनी शंभर ‘शरद’ मागितले. यामागेही शरद पार पडला म्हणजे वर्ष पार पडले असा अनुभव असावा, असे सांगणारे लोक आहेत. शार्ङ्गधरसंहितेत कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांना ‘यमदंष्ट्रा’ म्हणजे यमाच्या दाढा म्हटले आहे. तेव्हा दिवाळीच्या मागेपुढे माणसे आजारी पडतात हे ज्ञान काही नवे नाही. पाऊस ओसरतो, पाणी जागोजागी साचून राहते, दिवसा ऊन आणि पहाटे गारवा. डासांनाही हेच दिवस मानवतात.

चरकाने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले. शेवटची दोन नावे पाहिली की ग्रीक-रोमन वैद्यकातले ‘टर्शियन’ आणि ‘क्वार्टन’ हे शब्द आठवतात. दोन्हीकडे अर्थ तोच, तिसऱ्या दिवशी येणारा आणि चौथ्या दिवशी येणारा. दोन्हीकडे ताप आलेला दिवसही मोजणीत धरलेला आहे, म्हणून एक दिवसाआड येणारा ताप ‘तिसऱ्या’ दिवसाचा ठरतो. पुढे मराठीत एक गमतीचा उलटफेर झाला. ‘विषमज्वर’ हा शब्द सरकारी आणि शालेय मराठीत टायफॉइडला चिकटला, म्हणजे पाळीच्या तापाचे नाव मुदतीच्या तापाला गेले. जुना ग्रंथ आणि आजचे पत्रक शेजारी ठेवून वाचणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

पाळीचा उलगडा

ताप पाळीने का येतो, याचे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. अल्जेरियात काम करणाऱ्या लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० साली हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात जिवंत परजीवी पाहिले. त्यानंतर पाचसहा वर्षांत इटलीतल्या गोल्जीने दाखवले की हे परजीवी तांबड्या पेशींत एका ठरावीक गतीने वाढतात आणि त्या पेशी एकाच सुमारास फुटतात, तेव्हा रुग्णाला हुडहुडी भरते. एका जातीचा हा फेरा ४८ तासांचा, दुसरीचा ७२ तासांचा. तृतीयक आणि चतुर्थक हे वैद्यांचे हिशेब सूक्ष्मदर्शकाखाली तंतोतंत उतरले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात तो परजीवी सापडला आणि वाहक कोण हेही कळले.

पुढचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे वर्षभर डासांचे निरीक्षण केले आणि १९०१ साली एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. तीच ‘ॲनॉफिलिस स्टीफेन्सी’. दलदलीतला डास म्हणून नव्हे, तर शहरातला डास म्हणून ही जात पुढे प्रसिद्धीस आली. १९११ साली डॉ. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला, त्यात या डासाचे घर कोणते ते स्पष्ट झाले. विहिरी आणि पाण्याच्या टाक्या. गटारात नव्हे, स्वच्छ पाण्यात.

यावरून मुंबईत मोठे वादंग झाले. नळाचे पाणी आले होते, तेव्हा विहिरी बुजवा किंवा झाका, असे म्युनिसिपालिटीचे म्हणणे. पण विहीर ही काही नुसती पाण्याची सोय नव्हती. पारशी समाजात तिला धार्मिक स्थान होते आणि हिंदूंच्या कर्मकांडातही विहिरीच्या पाण्याला महत्त्व होते. तडजोडी निघाल्या, झाकणे बसली, अनेक विहिरी बुजल्या. १९२८ साली गॉर्डन कोव्हेल यांना पुन्हा मुंबईतल्या हिवतापावर अहवाल लिहावा लागला, यावरून प्रश्न किती चिवट होता ते कळते.

या काळातल्या मृत्यूच्या नोंदी वाचताना एक गोष्ट खटकते. पटकी, देवी, ताप, हगवण अशी मोजकी सदरे असत आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा ‘ताप’ या सदराचा असे. गावपातळीवर पाटलाने सांगितलेले कारण लिहिले जाई. हिवताप, टायफॉइड, क्षय, न्यूमोनिया असे सगळे त्या एका शब्दात बुडालेले. घरात मात्र एकांतरा, पाळीचा, मुदतीचा असे भेद होते. सरकारी कागदापेक्षा घरातली आजी तापाविषयी अधिक बारकाईने बोलत होती.

‘घरात कुणाला ताप?’

स्वातंत्र्यानंतर हे चित्र काही काळ पालटले. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५८ साली ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला. डीडीटीची फवारणी सगळ्यांना आठवते. तिच्याइतकेच महत्त्वाचे असे दुसरे एक काम मात्र विस्मरणात गेले. आरोग्य कर्मचारी पंधरा दिवसांनी दारात येई आणि ‘घरात कुणाला ताप आला होता का?’ असे विचारी. आला असेल तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेई, गोळ्या देई आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकून जाई. खेड्यापाड्यांतल्या जुन्या घरांवर अशा चौकटी कित्येक वर्षे दिसत.

१९६५ च्या सुमारास देशातली रुग्णसंख्या एक लाखापर्यंत उतरली. मग ढिलाई आली, डास डीडीटीला जुमानेनासे झाले, आणि १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांच्या वर गेला. शहरांसाठी १९७१ साली वेगळी योजना करावी लागली, कारण गावातल्या भिंतींवर फवारणी करून शहरातल्या टाकीतला डास मरत नाही. २०१० साली एकट्या मुंबईत हिवतापाचे शहात्तर हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

आजच्या वाचकासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आता पाळी ठरण्याची वाट पाहू नये. ‘फाल्सिपेरम’ जातीचा हिवताप ४८ तासांचा शिस्तशीर हिशेब पाळतोच असे नाही आणि थोड्या दिवसांत मेंदू, मूत्रपिंड यांवर उलटू शकतो. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्त तपासावे. एक तपासणी निर्दोष आली आणि ताप चालूच राहिला तर पुन्हा तपासावे. दुसरी गोष्ट, ताप गेल्यावरही दिवस मोजायचे असतात. परजीवी रक्तात येण्याआधी यकृतात वाढतो, हे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ साली दाखवले. ‘व्हायव्हॅक्स’ जातीचे काही परजीवी तिथेच निजून राहतात आणि महिन्यांनी उठतात. त्यांच्यासाठी डॉक्टर प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटते आणि उरलेली पाकिटे फ्रिजवर पडून राहतात. पुढे ताप उलटला की लोक म्हणतात, पुन्हा डास चावला.

बार्शीची साथ आणि फसवा उतार

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत तापाची एक मोठी साथ आली. सांधे इतके धरत की माणसाला उठता-बसता येईना. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तिचा अभ्यास केला. ती चिकुनगुन्याची साथ होती. हा शब्द टांगानिकातल्या माकोंडे भाषेतला. १९५२-५३ च्या तिथल्या साथीत दुखण्याने वाकलेल्या माणसावरून तो आला. बार्शीनंतर हा आजार भारतात जवळपास नाहीसा झाल्यासारखा होता. तो २००५-०६ मध्ये परतला आणि तेव्हापासून इथेच आहे.

चिकुनगुन्याचा आणि डेंगीचा डास एकच, ‘एडिस’. तो दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पहिल्या दिवशी दोन्ही ताप सारखेच दिसतात. चिकुनगुन्या महिनोन्‌महिने छळतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. डेंगीचे तसे नाही, आणि त्याचे वेळापत्रक आपल्या सगळ्या जुन्या समजुतींच्या उलट आहे.

ताप उतरला की संकट टळले, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा. मुदतीच्या तापात ती खरीही होती. एकविसाव्या दिवशी ताप उतरला की घरात गोडधोड होई. डेंगीत मात्र धोक्याचा काळ सुरू होतो तो साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागल्यावर. या काळात काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब घसरतो. म्हणून ताप उतरताना पोटात जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, शौचास काळे होणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, रुग्ण गळून पडणे किंवा कारण नसताना बेचैन होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र आहे, रविवार आहे, लक्ष्मीपूजन आहे, असला विचार न करता रुग्णालय गाठावे. ‘ताप तर नाही आता’ हे वाक्य या आजारात दिलासा देणारे नाही.

दिवसाचा हिशेब तपासणीतही लागतो. डेंगीची ‘एनएस-वन’ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतरची. टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर अधिक भरवशाचे. प्रसिद्ध विडाल चाचणी तेव्हा पुष्कळदा काहीच सांगत नाही. म्हणजे ‘कितवा दिवस?’ या प्रश्नाचे उत्तर नीट दिले नाही तर चुकीची चाचणी होते, पैसे जातात आणि खोटा दिलासा मिळतो. डेंगीची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टर पॅरासिटामॉलवर भागवतात ते त्यासाठी. तापात लंघन करण्याची जुनी रीत इथे लागू करून पाणी तोडणे तर फारच घातक.

पाण्यातून चाललेला दिवस

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्या रात्री लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. पुढच्या आठवड्यांत मुंबई आणि उपनगरांत तापाचे रुग्ण वाढले. त्यांतल्या अनेकांना लेप्टोस्पायरोसिस होता. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतो. वाइल या जर्मन वैद्याने १८८६ साली या आजाराचे वर्णन केले होते. जपानमध्ये १९१५ च्या सुमारास इनाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतू शोधला, तो कोळसा-खाणीतल्या कामगारांच्या आजारातून. ओल्यात उभे राहून काम करणाऱ्यांचाच हा आजार. कोकणातले भातशेतकरी त्यातलेच.

या आजारात मोजणी तापापासून सुरू होत नाही. ती सुरू होते पाण्यातून चाललो त्या दिवसापासून. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर पूर विसरलेला असतो. पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे ही याची लक्षणे. डॉक्टरला रुग्ण ‘ताप आणि अंगदुखी’ एवढेच सांगतो. ‘आठवड्यापूर्वी गुडघाभर पाण्यातून आलो होतो’ हे वाक्य राहून जाते आणि निदान लांबते. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, असे मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ते सांगणे याच हिशेबावर उभे आहे. मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी औषध वेगळे, म्हणून घरातल्या घरात गोळी वाटून घेऊ नये.

दिवस नव्हे, तास

एका आजारात मात्र दिवस मोजायलाही उसंत नसते. पटकीने गावेच्या गावे रिकामी होत. मरीआईचा गाडा वेशीबाहेर ओढून नेण्याची चाल त्या भयातूनच आलेली. माणूस मरे तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. सगळ्या जगाला हा उपाय पटायला त्यानंतर काही वर्षे गेली.

पावसाळी जुलाबांत आजही हाच उपाय पहिला. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. पण सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, पाजलेले पोटात ठरत नाही, शौचात रक्त आहे किंवा मूल झापडीत आहे, तर घरचा उपाय तिथे संपला असे समजावे.

आठ लाखांचे गाव

हे सारे मी मीरा-भाईंदरमध्ये बसून लिहितो आहे. साष्टीच्या वायव्य टोकाचे हे गाव. गाव म्हणण्यापेक्षा गावांची मोट म्हणावी. भाईंदर, नवघर, गोडदेव, खारी, मीरे, काशी, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, घोडबंदर. एका अंगाला वसईची खाडी, दुसरीकडे समुद्र, मधे मिठागरे. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. वीस वर्षांत शहर साडेचार पटींहून वाढले.

बेंटलींच्या अहवालातली मुंबईची विहीर इथे वेगळ्या रूपात आली. पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून इमारतीखाली टाकी, गच्चीवर टाकी, न्हाणीघरात पिंप. बांधकाम चालू असते तिथे स्लॅबवर पाणी साठवलेले. ‘स्टीफेन्सी’ आणि ‘एडिस’ यांना याहून काय हवे? नाल्यावर धुराची फवारणी झाली की लोकांना समाधान वाटते. पण नाल्यात वाढतो तो बहुतेक ‘क्युलेक्स’. डेंगी-हिवतापाचा डास आपल्याच झाकण नसलेल्या टाकीत असतो.

आणि इथली माणसे कशी? पहाटेची लोकल पकडणारी. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात रोजावर काम करणारी. बांधकामावरून दुसऱ्या बांधकामावर जाणारी. बोटीवर आठ-आठ दिवस समुद्रात असणारी. त्यांच्यापैकी कुणालाही ‘दोन दिवस वाट पाहू’ हे आळसाने सुचत नाही. एक दिवस घरी म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. मग औषधाच्या दुकानातून गोळी येते, ताप दबतो, माणूस कामाला जातो, चौथ्या दिवशी पुन्हा पडतो. त्याला विचारावे, ताप कधीपासून? तो म्हणतो, ‘आजच’. कारण मधले गोळीचे दिवस त्याने धरलेलेच नसतात. बंद दारांच्या या शहरात पंधरवड्याने येऊन विचारणारा कर्मचारी पूर्वीसारखा प्रत्येक घरापर्यंत पोचू शकत नाही. ते विचारणे आता घरातल्या माणसांनी एकमेकांना विचारायचे आहे. पालिकेच्या आरोग्य केंद्रात हिवतापाची तपासणी आणि औषध विनामूल्य मिळते, हे शेजारच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराला सांगणे हेही त्यातच आले.

तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध, मधुमेही यांच्या बाबतीत तर मोजत बसूच नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर. कोणत्याही वयात श्वास लागणे, झटका येणे, मान ताठणे, बरळणे किंवा शुद्ध हरपणे यांना पहिला दिवस आणि पाचवा दिवस असा भेद नाही.

बाकीच्यांसाठी एक साधी सवय पुरेशी आहे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर आपण दुधाचे खाडे लिहितो, सिलिंडर लागल्याची तारीख लिहितो. त्याच चौकोनात तापाचा पहिला दिवस लिहावा. घेतलेली गोळी लिहावी. पाण्यातून चालत आलो असू तर तेही लिहावे. दवाखान्यात जाताना त्या पानाचा फोटो काढून न्यावा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत, आणि त्याचे उत्तर त्यांच्या कुठल्याही यंत्रात नसते.